शिक्क्याचा प्याला

"...पण यात उणं काय आहे, ते तरी सांगा गुरुजी!"

इसोजीचा आवाज चढला होता.

समोर गेन्साकु बसले होते. जपानातल्या एका डोंगराळ गावातले सगळ्यांत जुने तांबट. साके, म्हणजे तिकडची तांदळाची दारू. ती प्यायचे ठोक्याचे प्याले घडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

गुरुजींनी शिष्याचा प्याला उजेडात फिरवला. तांब्याच्या एका चकतीतून ठोकत ठोकत वर आणलेला. अंगभर माशाच्या खवल्यांसारखे ठोके.

"उणं काही नाही. घेऊन जा घरी. आत्ता निघ."

"आणि शिक्का?"

"रीत ठाऊक आहे तुला. दुसरं कुणी त्यातून प्यायल्याशिवाय इथं शिक्का बसत नाही."

"मग तुम्हीच प्या की घोटभर."

"तहान मला नाही लागलेली, बाबा."

इसोजीनं मान फिरवली.

सकाळीच कोळसेवाला मोहेई निरोप सांगून गेला होता. घाटापलीकडं इसोजीची आई अंथरुणाला खिळली होती, आज-उद्याची सोबतीण. पोराच्या हातून एक घोट मिळावा, एवढंच तिचं मागणं.

पण इसोजीनं गाव सोडलं तेव्हा गाव हसलं होतं. भाताच्या शेतात चिखल तुडवणारा हा, हातोडी काय धरणार, म्हणून. तेव्हा तो सगळ्यांदेखत बोलून गेला होता, की गुरूच्या शिक्क्याचा प्याला आणीन, तरच उंबरा चढेन.

"शिक्क्याशिवाय जाऊ? मान खाली घालून?"

"घाटात बर्फ पडलंय. मान खाली घालूनच चालावं लागेल."

इसोजीनं प्याला ओढून घेतला. बोटानं काठ चाचपला.

"कळलं मला. हा इथला ठोका उथळ पडलाय. म्हणून शिक्का अडवलात तुम्ही. रीतबीत नुसतं सांगायला."

गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं.

इसोजी ऐरणीपाशी बसला.

एक ठोका सारखा केला, तर शेजारचा डोळ्यांत खुपायला लागला. तो सारखा केला, तर त्याच्या पलीकडचा. असं करत दिवस मावळला. दुसरा उजाडला. बाहेर बर्फ पडतच होतं.

आता तांब्याचं असं असतं बघा, ठोकलं की ते ताठर होतं. ते पुन्हा विस्तवात घालावं, लाल होऊ द्यावं, की मऊ होतं. मग पुढचे ठोके. इसोजी हे झोपेतही विसरला नसता.

"तांबं दमलंय, इसोजी. भट्टीत घाल."

"वेळ कुठं आहे गुरुजी!"

"...मग बसलास कशाला?"

हातोडी थांबली नाही.

मग एकदाच बारीकसा आवाज झाला. काठापासून बुडापर्यंत चीर गेली.

मोहेई कोळशाचं पोतं घेऊन परत आला, तेव्हा इसोजी तसाच बसलेला होता. मोहेईनं पोतं उतरवलं. खांद्यावरचं बर्फ झटकलं. झटकायचं संपलं तरी झटकत राहिला.

"बोला ना मोहेईकाका."

"गेली रे..."

भट्टीत कोळसा तडतडला.

"दाराकडं बघत होती. शेवटी शेजारणीनं ओंजळीनं पाजलं. सांडलंच बरंचसं. पण ओठ भिजले तिचे."

इसोजीनं चिरलेला प्याला दोन्ही हातांनी गुरुजींपुढं धरला.

"आता याचं काय करू मी?"

गुरुजी उठले. फळीवरून शिक्का काढला. प्याला ऐरणीवर पालथा घातला, बुडाशी शिक्का टेकवला आणि एकच घाव घातला. शिक्का सरळ उमटला.

मग प्याला इसोजीच्या हातांत परत दिला, आणि त्यात साके ओतली.

ती चिरेतून झिरपली. त्याच्या बोटांवरून, मनगटावरून, खाली राखेत.

"गुरुजी... यात काहीच राहत नाही."

"शिक्का राहील."