कदंबाची वीत

एका राज्यात कीर्तिध्वज नावाचा राजा होता. मायाविनी तमाळेच्या रानातला जुना कदंब त्याच्या मनात भरला, म्हणून त्याने तो उपटून राजवाड्याच्या फरसबंद चौकात लावला. मुळे खड्ड्यात मावेनात, तर ती तोडली. त्याच क्षणी त्याची लहानगी लेक कुमुदिनी चालता चालता खाली बसली. तिच्या पावलांतली शक्ती गेली होती.

वाऱ्यावर तमाळेचा आवाज आला, "राजा, माझे झाड या मातीत रुजेल, तेव्हाच तुझी लेक पाऊल टाकील. ते वाळले, तर तीही वाळेल."

कुमुदिनी म्हणजे राजाचा जीव की प्राण. तो रोज झाडाची खबर विचारी आणि प्रधान रोज सांगत, कदंब उत्तम आहे. पाने गळू लागली तेव्हा त्यांनी दुसऱ्या झाडांची पाने रेशमी दोऱ्याने बांधून टाकली. दरबारी माणसे ती, त्यांना दुसरे काय सुचणार! मग ऐन थंडीत कदंब अवेळी फुलला. नगारे झडले, हत्तीवरून साखर वाटली गेली. इकडे कुमुदिनीचे गुडघेही बधिर झाले.

तेव्हा एक साळुंकी फांदीवर बसली आणि माणसाच्या वाणीने बोलू लागली.

"राजा, मरणाची चाहूल लागली की झाड असे फुलते, मागे बी तरी राहावे म्हणून. फुले मोजू नकोस. डहाळी मोज."

दर वर्षीची वाढ डहाळीवर एक वलय सोडून जाते, हे तिने दाखवले. झाड रानात असतानाच्या दोन वलयांमध्ये कुमुदिनीची वीत बसत होती. चौकातली वाढ नखाएवढी होती. पुन्हा वीतभर वाढ झाली की झाड रुजले, असे सांगून तिने राजाला तीन कामे दिली. फुले खुडायची, फरसबंदी फोडायची, आणि मुळे कधीही उकरून पाहायची नाहीत.

फुले खुडताना राजा रडला. फरसबंदीवर त्याचे विजय कोरलेले होते. तीही त्याने स्वतः फोडली. तिसरे काम मात्र जड गेले. एके सकाळी तो कुदळ घेऊन चौकात उभा राहिला.

कुमुदिनी आसनावरून म्हणाली, "तात, रोज उकरून पाहिलेत, तर त्याने माती धरायची कधी?"

राजाने कुदळ खाली ठेवली.

पुढच्या वसंतात वाढ बोटभर झाली, त्यापुढच्या वसंतात चार बोटे. राजा हरखला, पण मुलीचा हातही वाढत होता, आणि वीत काही भरेना. असे किती वसंत गेले कोण जाणे. राजाचे केस पिकले. तरी तो दर वसंतात तिचे आसन त्याच डहाळीखाली नेऊन ठेवी.

एका वसंतात कुमुदिनीने हात उंचावून वीत लावली. अंगठा एका वलयावर, करंगळी दुसऱ्यावर.

"तात, भरली."

राजा डहाळीकडे पाहतच नव्हता. डहाळी आता बरीच उंच गेली होती, आणि तिथवर हात पुरावा म्हणून त्याची लेक चवड्यांवर उभी होती. तिला स्वतःलाच ते कळले नव्हते. राजाने दोन्ही हात पुढे केले आणि ती चालत त्याच्याकडे आली.

शाप सरला. साळुंकीने पिसे झटकली, तर तिथे तमाळा उभी.

"झाड तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "आता त्याला हलवणे बरे नव्हे."

त्या वर्षी कदंब पावसाळ्यात, आपल्या वेळेला फुलला. त्या राज्यात राजा झाडांची खबर प्रधानांना विचारीत नाही. तो स्वतः जातो, आणि त्याच्याबरोबर त्याची लेक चालत जाते.