घासलेटातली चाकं

एका संस्थानात मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलं. जुनं वंगण चाकांवर दगडासारखं घट्ट बसलं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या सकवारबाईने चाकं घासलेटात भिजत घातली आणि त्यातून सुटणारी काळी वलयं धुरासारखी पसरताना बघत राहिली. दुपारही जणू पेंगत होती.

तेवढ्यात राणीसाहेबांना घेऊन दिवाण आले नि गरजले, "नुसती बसलीस काय? कानशीने खरवड, नाहीतर संस्थान सोड!"

कानशीने चाकांचे दातेच झिजले असते. सकवारबाई हळूच म्हणाली, "दिवाणसाहेब, आपण रोज तासभर ऊन पाण्यात बसता म्हणे. उद्या मळ काढायला कानस पाठवू का?"

राणीसाहेब खळखळून हसल्या. "चाकांचंही स्नान होऊ द्या, दिवाणजी!"

संध्याकाळी मनोऱ्यावरचे टोले तळ्यावरून तरंगत दूर गेले.