ठकूबाईची वाटी

“पण बाबा, दुसरी गाडी अडवून ठेवायची कशासाठी?”

चिंतामणाने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. मठाच्या दारात बैलगाडी भरून उभी होती. पत्रे, बांबू, घोंगड्या, ज्वारीची पोती. पुरात वाहून गेलेल्या पिंपळडोहासाठी त्याने चार गावं पालथी घालून हे सगळं गोळा केलं होतं. आठ दिवसांपूर्वी पहिली गाडी पोचवली, तेव्हापासून त्याची छाती जरा फुगलेलीच होती.

त्याचे गुरू भिवाबाबा ओसरीवर बसून दही-भाकरी खात होते.

“पहिल्या गाडीतले पत्रे चढले का घरांवर?”

चिंतामणाचा चेहरा उतरला. कालच तो बघून आला होता. पत्रे जिथे उतरवले तिथेच पडले होते आणि माणसं त्यांच्या शेजारी नुसती बसून होती. थंडी तोंडावर आली, तरी एक खांब उभा राहिला नव्हता. असं का, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं.

“नाही चढले.”

“देताना कुणी भांडलं?”

“छे. खाली मान घालून घेतलं. पाया पडले माझ्या.”

“पिंपळडोहची माणसं... आणि भांडली नाहीत?”

बाबांचा घास हातातच राहिला. जत्रेत आमटीत मीठ कमी पडलं म्हणून मठाच्या आचाऱ्याला फैलावर घेणारं ते गाव.



मग बाबांनी विरजणाचं गाडगं ओढलं आणि पुढच्या दह्यासाठी राखलेलं तळाचं दही बोटाने चाटूनपुसून खाऊन टाकलं.

“बाबा, ते विरजण होतं.”

“हो का? मग जा, पिंपळडोहातून मागून आण.”

“तिथं लोक उघड्यावर आहेत. त्यांच्याकडे मी मागू?”

“म्हशी वाचल्यात ना?”

“टेकडीवर चरत होत्या म्हणून वाचल्या.”

“मग झालं. गाडी इथंच राहू दे.”

चिंतामण निघाला. द्यायला जाताना ही वाट त्याला एवढी लांब वाटली नव्हती.

ताडपत्रीखाली ठकूबाई बसली होती. तिचं घर पुरात गेलं होतं. घोंगडी घेताना तिने वर पाहिलंसुद्धा नव्हतं. चिंतामण तिच्यापुढे उभा राहिला.

“थोडं... विरजण मिळेल?”

ठकूबाईने मान वर केली. “कुणाला?”

“मठातलं संपलं.”

“एवढा मोठा मठ, अन् विरजण न्हाई?” तिने शेजारणीला हाक मारली. “अगं, ऐकलंस का? बुवा विरजण मागाया आल्यात.”

दोघीतिघी जमल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

“आमच्याकडं तरी कुठलं आलं? समदं वाहून गेलं. तुमच्याच शिध्यातल्या मिरच्यांची देठं दुधात टाकून चार दिस खटपट केली, तवा कुठं दही लागलं. भांडं आणलंय?”

भांडं तो विसरला होता.

मग मात्र ठकूबाईने तोंड सोडलं. मागायला येताना कुणी हात हलवत येतं का, मठात शिकवतात तरी काय, आणि ऐन पाणी तुंबतं त्या जागी पत्रे उतरवायची अक्कल कुणाची.  नवल म्हणजे चिंतामणाला राग येत नव्हता, उलट बरं वाटत होतं.

तिच्याकडे पुरातून वाचलेली एकच वाटी होती. तीत तिने विरजण घातलं, वर पळसाचं पान बांधलं.

“सांडू नका. अन् वाटी माघारी पायजे मला.”

चिंतामण वळला. मागे ठकूबाई नवऱ्याला म्हणत होती, “बसलाय काय? पत्र्याचं ते टोक धरा, वरल्या अंगाला नेऊ.” आणखी दोघं उठले.

मठात बाबांनी पान सोडून वास घेतला. दही गाडग्यात काढलं आणि स्वतः वाटी घासायला बसले.

“भांडली?”

“फार.” चिंतामण त्यांच्याजवळ टेकला. “बाबा, आज मी काहीच दिलं नाही. उलट मागून आणलं. मग पत्रे आजच कसे उचलले त्यांनी?”

बाबांनी वाटी धोतराच्या सोग्याने पुसली, उन्हात धरून पाहिली आणि त्याच्या हातात ठेवली.

“शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, चिंतामणा... गाडी जुंप.”