धनेशाने वरून पाहिलेले तळे

फार पूर्वी एका रानाने धनेश पक्ष्याला आपला आमदार निवडले होते. दर आठवड्याला तो उंबरावर बसून बातम्या सांगे: पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे, औषधी मुळ्या कुठे मिळतील.

एका उन्हाळ्यात त्याने सांगितले, "टेकडीपलीकडचं तळं भरलेलं आहे." ते ऐकून साळिंदरीण आपल्या दोन तहानलेल्या पिलांना घेऊन निघाली. दोन दिवस चालून ती तिथे पोचली. तळ्यात थेंबभर पाणी नव्हते. भेगाळलेल्या तळावर खारट मातीचा पांढरा थर उन्हात चकाकत होता. काठावर हरणाचे एक पाडस मरून पडले होते. तेही बातमी ऐकूनच आले होते.

वाटेत पिलांना ओल्या मुळ्या चोखायला देत ती कशीबशी परतली.

"आमदारसाहेब, तळं कोरडं आहे," उंबराखालून ती म्हणाली. "तिथे पाडस मेलं."

धनेश म्हणाला, "मी स्वतः पाहिलं होतं. चांगलं चकाकत होतं."

"कुठून पाहिलंत?"

"वरून."

"खाली उतरून चोच बुडवली होतीत का?"

 धनेश फांदीवरून उतरून तिच्याशेजारी मातीत उभा राहिला.

"उद्या दुसऱ्या एका तळ्याची बातमी सांगणार होतो," तो म्हणाला. "तेही मी वरूनच पाहिलंय."