धाकू टाकी राखतो

वेंगुर्ल्याकडे खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. अंगात बळ इतकं, की होडी एकटा ओढून आणी. सांगितलेलं काम मात्र अक्षर न अक्षर करी.

तो भाऊसाहेब रेडकरांकडे कामाला होता. भाऊसाहेबांना आमदारकीचं तिकीट हवं होतं. मोठ्या माणसांवर छाप पडावी म्हणून त्यांनी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी बसवली. आत प्रवाळाचे दगड, रंगीत मासे. राखणीला धाकू.

"टाकीत घाण दिसता कामा नये," भाऊसाहेबांनी बजावलं.

दगडाच्या भोकातून एक केसाळ किडा बाहेर आला. धाकूने तो चिमट्याने उचलला आणि कोंबडीला घातला.

"अरे गाढवा!" भाऊसाहेब ओरडले. "तो दगडाबरोबर आलेला. माशांचं उष्टं खातो, टाकी साफ ठेवतो. निरुपद्रवी जीव! न बोलावता कोणी आला म्हणून लगेच हाकलायचं नाही."

"बरं," धाकू म्हणाला.

संध्याकाळी वहिनींनी त्याला तांदूळ निवडायला दिले. त्यात खडे होते, सोंडे किडेही होते. धाकूने खडे काढले, सोंडे राहू दिले. भाऊसाहेब पानावरून उपाशी उठले.

"न बोलावता आले होते," धाकू म्हणाला.

मग टाकीतल्या कपारीतून एक खेकडा निघाला. त्याने पिवळा मासा खाल्ला. निळा खाल्ला. धाकूचा जीव तुटत होता, पण करणार काय? हाकलायचं नव्हतं ना!

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, जरा निरखून बघ! उष्टं खाणारा असेल तर राहू दे. मासे खाणारा असेल तर उचल आणि खाडीत सोड. मला विचारत बसू नकोस!"

"आता कळलं," धाकू म्हणाला. त्याला खरंच हलकं वाटलं.

रविवारी तिकीट ठरवणारे पक्षाचे निरीक्षक जेवायला आले. बोलावणं त्यांना एकट्याला होतं. त्यांच्याबरोबर गाडीभर कार्यकर्ते आले.

टाकीशेजारीच टेबल-खुर्ची मांडून पान वाढलं. भाऊसाहेब सोलकढी आणायला आत गेले. निरीक्षकसाहेबांनी सुरमईवर हात मारला. एक तुकडी गेली, दुसरी गेली. कार्यकर्ते मागे उभे राहून "वा साहेब!" म्हणत होते. साहेब अर्धवट खाल्लेला तुकडा मागे सरकवत, की ते त्यावर झडप घालत.

धाकूने सगळ्यांना नीट निरखलं. मग साहेबांना खुर्चीसकट उचललं आणि परसामागच्या खाडीत सोडलं.

भाऊसाहेब धापा टाकत आले. साहेब कमरेएवढ्या चिखलात उभे होते. हातात सुरमईचं शेपूट.

"मेल्या, माझं तिकीट बुडवलंस!"

"घाबरू नका, भाऊसाहेब," धाकू म्हणाला. "बाकीचे तसेच ठेवलेत. ते नुसतं उष्टं खातात."