हैबतीच्या मिशा

इलेक्ट्रिक गिटार बडवून नाव काढलेला रॉक गायक आशय कर्णिक सिनेमात पहिल्यांदाच उभा राहिला, तो थेट हैबती म्हणून. सावकारांना लुटून गोरगरिबांना वाटणारा, इंग्रजांच्या हाती कधीच न लागलेला हैबती दरोडेखोर! शूटिंग हैबतीच्याच गावात होतं आणि आशयचं डोकं पार चक्रावलं होतं. एक म्हातारा म्हणे, हैबती ठेंगणा होता. दुसरा म्हणे, ताडमाड. सकाळपासून मिशा तीनदा चिकटवून तीनदा उपटल्या होत्या.

तेवढ्यात सरपंच दौलतराव आले. त्यांच्या परवानगीशिवाय गावात कॅमेरा फिरत नसे. आशयला पाहताच ते कडाडले, "हा काडीपैलवान हैबती? बंद करा शूटिंग! आमच्या पणजोबांनी त्याला सहा महिने घरात लपवला होता. हैबती कसा दिसतो हे पोटच्या पोरालाही सांगणार नाही, अशी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती त्यांनी! फौजदारानं चाबकानं फोडून काढलं, पण मरेपर्यंत शब्द मोडला नाही!"

गावकऱ्यांनी माना डोलावल्या.

"आणि हैबतीच्या मिशा कानापर्यंत होत्या!" दौलतरावांनी ठणकावलं.

आशय आणखीच गोंधळला. हातातल्या खोट्या मिशांकडे पाहत त्याने भाबडेपणाने विचारलं, "पणजोबांनी शपथ पाळली ना? मग मिशांचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मिशा खऱ्या म्हणाव्यात, तर पणजोबा खोटे पडत होते.

"करा सुरू," शेवटी दौलतराव पुटपुटले. "आम्हाला ओळखू येत नाही, म्हणजे हाच असेल."