ओंडक्यावरचं बोंड

ओंडक्याच्या राज्यात ‘कुजणं’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. शेवाळाच्या सात पिढ्या या आडव्या लाकडावर नांदल्या होत्या. माथ्यावर सगळ्यांत जाड गादी करून बसलेले थोरले गादीकर महिन्यातून एकदा विचारत, “लाकूड कसं आहे?” मग जो तो आपले मुळांसारखे केस खाली रोवून बघे आणि म्हणे, “घट्ट आहे!” एवढं झालं की राज्य पुन्हा महिनाभर बिनघोर.

लाकूड घट्ट असताना पोरांना बाहेर धाडणं हा लाकडावरचा अविश्वास मानला जाई. तसं करणाऱ्याशी कुणी बोलत नसे.

शेवाळातल्या दवणीचा जीव टांगणीला लागला होता तो यामुळेच. तिच्या डोक्यावरचं बोंड पिकलं होतं, आत धुळीएवढाली पोरं दाटीवाटीने बसली होती. ओल राहिली तर ती आतल्या आत सडणार. बोंडाचं झाकण उघडायला अंग सुकायला हवं, आणि सुकायचं तर खालचे केस सोडवून घ्यायला हवेत.

तिच्या शेजारी पसराबाई राहत असे. ती चपट्यांच्या जातीची, पानासारखी सपाट पसरलेली. चपटे इथे शेवाळाच्याही आधी आले होते. आता ती एकटीच उरली होती.

“माझी पोरं मी केव्हाच पावसाच्या थेंबाबरोबर उडवली,” ती हळूच म्हणाली. “दवणे, हे लाकूड मी चाखलेलं आहे बाई. आंबूस लागायचं. दोन पावसाळे झाले, चवच येत नाही.”

“मग खाली घट्ट काय लागतं?”

“मला काय ठाऊक? मी कधीची तुमच्याच अंगावर टेकलेय.”

दवणीचं धाबं दणाणलं. हे कुणी ऐकलं तर? त्या दिवशी थोरल्यांनी विचारलं तेव्हा तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडली, “घट्ट आहे!” आणि मग दिवसभर स्वतःचीच तिला लाज वाटत राहिली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. बोंडात कसलातरी कुबट वास येऊ लागला होता. आता मात्र तिला राहवेना. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिने पहिला केस सोडवला, मग दुसरा. केस सहजी सुटत नव्हते. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखे येत होते. तरी तिने नेटाने ओढले. अंग कोरडं पडू लागलं, वर झाकणाची कड किंचित उचलली गेली. पोरांना पहिल्यांदाच वारा लागला असावा. पोरं आत चुळबुळली. दवणीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शेवटचा केस सुटला आणि शेजारून किंकाळी आली.

“लाकूड हललं!”

“इथे तर निसटलंच!” पलीकडून दुसरं कुणी ओरडलं. माथ्यावर थोरले गादीकर एका अंगाला कलले. आजवर कुणी त्यांना कललेलं पाहिलं नव्हतं.

“बघता काय? लाकूड धरा!” ते ओरडले.

खालच्या अंधारातून, चारी बाजूंनी, शेकडो ओले केस सरसरत आले आणि दवणीला गच्च बिलगले. तिच्या अंगात पाणी चढू लागलं. वर बोंडाचं झाकण पुन्हा बसलं.